निवडुंग जरूर विका, पण चिकाचं सांगून विका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत कमी पाण्यात वाढणाऱ्या झाडांवर जो लेख आला तो मी वाचला आणि मैत्रिणींच्या ग्रुपवर पण टाकला, कारण आमच्या सोलापुरात असा लेख यायलाच हवा होता. इथे एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या पुढे जातो, नळाला पाणी रोज येत नाही, अशा गावात जास्वंद आणि मोगरा जगवता जगवता माणूस थकून जातो. पण लेखात जो उंच, तीन धारांचा, सरळ वर जाणारा "कॅक्टस" बाल्कनीत ठेवा म्हणून सांगितलंय आणि ज्याचा मोठा फोटो छापलाय, तो कॅक्टस नाहीये. तो युफोर्बिया ट्रायगोना आहे, आणि त्याच्या अंगात जो पांढरा चीक असतो त्याबद्दल पूर्ण लेखात एक ओळसुद्धा नाही. ती ओळ का हवी होती ते सांगायला हे पत्र लिहितेय. लांबेल थोडं, पण कृपया छापा.

आधीच सांगते, मी या झाडाच्या विरोधात नाही. उलट माझ्या गच्चीवर ट्रायगोना आहे, लाल पानांचा पण आहे, त्रिधारी निवडुंग आहे, एका कोपऱ्यात शेराचं झुडूप आहे, आणि ही सगळी मंडळी मी फार प्रेमाने वाढवते. दुपारच्या उन्हात गच्चीवर बाकी सगळं माना टाकून बसलेलं असतं तेव्हा हीच तेवढी ताठ उभी असतात. त्याचं कारण फार सुंदर आहे, बहुतेक झाडं दिवसा पानांवरची बारीक छिद्रं उघडून हवा आत घेतात आणि त्यातनंच त्यांचं पाणी उडून जातं, ही झाडं मात्र छिद्रं रात्री उघडतात, गारव्यात कार्बन डायऑक्साइड घेऊन तो आम्लाच्या रूपात साठवून ठेवतात, आणि दिवसा छिद्रं बंद करून त्या साठ्यावर स्वतःचं अन्न तयार करतात. पानं नावालाच, धारेवर बारकी बारकी, पाण्याची ओढ बसली की तीही गाळून टाकतात, कारण खरं काम हिरवं खोडच करतं. नवीन लोकं घाबरतात, पानं गळली म्हणजे झाड मेलं म्हणून पाणी ओततात, आणि मग खरंच मरतं.

आणि हे काही परदेशी नवल नाही. ट्रायगोना आफ्रिकेकडचा असेल, पण त्याची भावंडं आपल्या बांधावर पिढ्यान् पिढ्या उभी आहेत. त्रिधारी निवडुंग आपल्या दख्खनचाच, तो काटेरी जाड निवडुंग जो माळावर आणि सह्याद्रीच्या कातळावर दिसतो तो पण याच कुळातला, आणि शेराचं कुंपण तर माण, सांगोला, आटपाडी, जत या बाजूला कुणी बघितलं नाही असं होणार नाही. जनावर शेराला तोंड लावत नाही म्हणून तर तो कुंपणाला लावायचा. खेड्यातल्या आज्ज्यांना हे सांगायची गरज पडत नव्हती, पोर शेराच्या जवळ गेलं की लांबूनच ओरडायच्या, "चीक डोळ्यात जाईल रं!" आता तेच कुळ शहरात आलं, सिरॅमिकच्या कुंडीत बसलं, इंग्रजी नाव लागलं, किंमत चारशे-पाचशे झाली, आणि ती आज्जीची ताकीद मात्र वाटेत कुठेतरी राहिली. माझं दुखणं हे आहे.

फरक ओळखायचा कसा ते आधी सांगते, कारण नर्सरीत दोन्ही शेजारी शेजारी ठेवलेले असतात आणि दोघांनाही कॅक्टस म्हणूनच विकतात. सेरियस म्हणून जो खरा उंच कॅक्टस असतो, ज्याला रात्री मोठी पांढरी फुलं येतात, त्याच्या धारेवर थोड्या थोड्या अंतरावर लोकरीसारखे बारीक ठिपके असतात आणि एकेका ठिपक्यातनं काट्यांचा झुबका निघतो. युफोर्बियाला तसा लोकरी ठिपका नसतो, काटे जोडीजोडीने येतात आणि बऱ्याचदा त्या जोडीच्या वर एक छोटं पान असतं. तरी शंका राहिली तर टाचणीचं टोक धारेला अगदी हलकं लावायचं, लांबून, चेहरा बाजूला घेऊन. पांढरं दूध आलं तर हातातलं झाड युफोर्बिया आहे असं समजून वागायचं. काही थोड्या कॅक्टसना पण दुधासारखा चीक असतो पण ते बुटके गोल प्रकार, उंच खांबासारखं वाढणारं झाड आणि पांढरा चीक म्हटलं की युफोर्बियाच. खरे कॅक्टस मुळात अमेरिकेचे, आपला फड्या निवडुंगसुद्धा तिकडनंच आला, आणि हे चिकाचे निवडुंग आफ्रिका-आशियातले, दोन्हीकडे वाळवंटात राहून राहून रूप सारखं झालं एवढंच. रक्त वेगळं आहे.

आता चीक. ज्यांनी बघितलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. फांदीला सुरी लावली की पहिल्या क्षणी काहीच दिसत नाही, मग कापलेल्या जागी सालीच्या कडेकडेने पांढरे टपोरे थेंब उभे राहतात, बघता बघता एकमेकाला मिळतात आणि धार लागते, खालच्या धारांवरनं ओघळत कुंडीच्या काठापर्यंत येते. मोठी फांदी असेल तर टपटप थेंब पडतात, फरशीवर पडलेला थेंब थोड्या वेळाने रबरासारखा होतो आणि खरवडावा लागतो. हाताला लागला तर लगेच काही कळत नाही, आणि हीच सगळ्यात वाईट गोष्ट आहे. मिरचीसारखा झटका लगेच बसला असता तर माणूस सावध झाला असता. याच्यातली जी द्रव्यं आहेत, रसायनवाले त्यांना डायटर्पीन एस्टर म्हणतात, फॉरबॉल आणि इंजिनॉल या जातीची, ती कातडीला आणि डोळ्याला हळूहळू पेटवतात, बऱ्याचदा काही तासांनी. तोपर्यंत तोच हात चेहऱ्याला, मोबाईलला, लेकराला लागून झालेला असतो.

हा चीक किती जोरदार आहे हे आपल्या जुन्या लोकांना चांगलं ठाऊक होतं. चरकसंहितेत तीक्ष्ण रेचकांमध्ये सगळ्यात वरचं नाव स्नुहीच्या म्हणजे निवडुंगाच्या चिकाचं आहे, आणि हे रेचक वाटेल त्याला देऊ नये असंही सांगितलंय. भगंदरावर, म्हणजे गुदद्वाराजवळच्या नळीसारख्या जखमेवर, जे क्षारसूत्र वापरतात, त्या दोऱ्याला याच स्नुहीच्या चिकाचे, अपामार्गाच्या म्हणजे आघाड्याच्या क्षाराचे आणि हळदीचे असे मिळून 21 थर देतात, आणि तो दोरा हळूहळू आतला मार्ग कापत जातो. जो चीक मांस कापणाऱ्या दोऱ्याला लावतात तो डोळ्याच्या नाजूक बुबुळावर पडला तर काय होईल याचा विचार करा. तिकडे आफ्रिकेच्या उत्तरेला जुबा नावाच्या राजाने असल्याच एका चिकाच्या झाडाला आपल्या युफोर्बस नावाच्या वैद्याचं नाव दिलं, दोन हजार वर्षं झाली त्याला, आणि 1753 मध्ये झाडांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने तेच नाव असल्या झाडांच्या पूर्ण गटाला कायम केलं. म्हणजे या झाडाशी वैद्यांचा संबंध पहिल्यापासून आहे, पण तो वैद्यांचा, घरी व्हॉट्सअप वाचून मसावर चीक लावणाऱ्यांचा नाही. मस, दाढदुखी, कानदुखी असले उपाय फिरत असतात, कृपा करून करू नका, आणि कानात तर थेंबभर पण नको.

आमच्या जवळच्या एका सोसायटीत घडलेलं सांगते. गॅलरीतला ट्रायगोना वाढून वरच्या ग्रिलला टेकला होता, म्हणून मालकीणबाईंनी माळीकाकांना छाटायला सांगितलं. उन्हाचे दिवस, काकांनी हातात कापडी मोजे घातले होते, त्यांना वाटलं काट्यांपासून बचाव झाला म्हणजे झालं. चार-पाच फांद्या कापल्या, मोजे चिकाने भिजले, बाहीवर पण उडाला, आणि घाम डोळ्यात उतरायला लागला तसा त्यांनी बाहीनेच कपाळ आणि डोळा पुसला. थोडी आग झाली, त्यांनी पाण्याचे दोन हबके मारले आणि उरलेलं काम पूर्ण केलं. संध्याकाळपर्यंत डोळा लालभडक, पाणी थांबेना, दिव्याकडे बघवेना, रात्री तर ठणका असा की माणूस जागेवर बसेना. डोळ्याच्या दवाखान्यात नेलं तर डॉक्टरांनी विचारलं काय गेलं होतं डोळ्यात, हे म्हणाले कॅक्टस कापत होतो, म्हणून डॉक्टर बराच वेळ काटा शोधत बसले. मग पिवळा थेंब टाकून निळ्या उजेडात बघितलं तेव्हा बुबुळावरचा पातळ थर सोलल्यासारखा दिसला. औषधं चालली, डोळा बरा झाला, पण तितके दिवस काकांचं काम बुडालं आणि घरचे हवालदिल झाले ते वेगळंच. ज्या नर्सरीतनं झाड आणलं होतं तिथे कुंडीवर चिठ्ठी होती, "लकी कॅक्टस, पाणी कमी". त्याच चिठ्ठीवर "चीक विषारी, डोळे सांभाळा" एवढे चार शब्द असते तर मालकीणबाईंनीच त्यांना चष्मा दिला असता, आणि डॉक्टरांनाही पहिल्याच वाक्यात कळलं असतं.

म्हणून डोळ्यात चीक गेला तर काय करायचं ते मी अगदी पायरी पायरीने लिहिते, तुम्ही बाकी काही कापलंत तरी चालेल पण एवढं छापा. चोळायचं नाही, कितीही आग झाली तरी. आधी हात साबणाने धुवायचे, पण त्यात वेळ घालवायचा नाही, दुसरं कुणी जवळ असेल तर त्याला पाणी आणायला लावायचं. मग डोळा उघडा धरून स्वच्छ पाण्याची संथ धार सोडायची, नळाखाली किंवा तांब्याने, डोकं कलतं करून, नाकाकडनं कानाकडे पाणी वाहील असं, म्हणजे चीक दुसऱ्या डोळ्यात जात नाही. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर काढून टाकायची. आणि हे दोन हबके मारून भागत नाही, सलग पंधरा-वीस मिनिटं धुवायचं, घड्याळ लावून, कारण वेदनेत दोन मिनिटं पण खूप वाटतात. त्यानंतर बरं वाटलं तरी त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरकडे जायचं, कारण खरा त्रास बऱ्याचदा उशिरा सुरू होतो आणि रात्रीतनं वाढतो. जाताना झाडाचा फोटो मोबाईलमध्ये घ्यायचा आणि "युफोर्बियाचा चीक गेलाय" असं स्पष्ट सांगायचं. वेळेवर धुतलं आणि उपचार मिळाले तर बहुतेक डोळे पूर्ण बरे होतात, दुर्लक्ष केलं तर जखमेत जंतू शिरून दृष्टीवर कायमचा डाग राहू शकतो. कुणी तूप घाला म्हणेल, कुणी गुलाबपाणी, कुणी मध, कुणी बाळंतिणीचं दूध. यातलं काहीही घालायचं नाही, आणि घरात पडलेले जुने डोळ्याचे थेंब पण नाही, काही थेंबांत स्टेरॉइड असतं आणि ते कुठल्या डोळ्याला चालेल हे डॉक्टरच ठरवणार.

कातडीला लागला तर साबण आणि भरपूर पाणी. चीक नुसत्या पाण्याने नीट निघत नाही, चिकटून बसतो, वाळलेला असेल तर आधी खोबरेल किंवा गोडंतेल चोळून सैल करायचा, पुसून काढायचा आणि मग साबण. तोंडात गेला, म्हणजे लहान मुलाने फांदी चावली किंवा कुत्र्याने कुरतडली, तर तोंड धुवायचं, उलटी मुद्दाम काढायची नाही कारण वर येताना तो परत घसा जाळतो, आणि सरळ दवाखाना गाठायचा, मुलाला धाप लागली किंवा ओठ-जीभ सुजली तर 108 ला फोन. जनावराला जनावरांच्या डॉक्टरकडे.

आता कुणी म्हणेल एवढं भयंकर आहे तर लावताच कशाला. अहो, कण्हेर पण विषारी आहे आणि तिच्या रांगा आपण हायवेच्या मधोमध लावल्यात. माहिती असली की भीती राहत नाही, शिस्त राहते. माझी शिस्त सांगते. छाटणी किंवा कुंडी बदलायची असली की मी आदल्या दिवशीच ठरवते, मध्येच सुचलं म्हणून हात घालत नाही. वारा नसेल अशी सकाळ बघायची, घाम कमी येतो आणि थेंब उडत नाहीत. रबरी नाहीतर नायट्राइलचे लांब हातमोजे, कापडी अजिबात नको कारण ते चीक पिऊन धरून ठेवतात आणि कातडीवर दाबून बसतात. पूर्ण बाह्यांचा जुना ड्रेस, आणि हार्डवेअरच्या दुकानात मिळतो तो बाजूने बंद असलेला प्लास्टिकचा गॉगल, नुसता नंबरचा चष्मा पुरत नाही. घाम पुसायला वेगळा स्वच्छ नॅपकिन, गळ्यात नको, लांब खुर्चीवर ठेवायचा, आणि पुसायच्या आधी मोजे काढायचे. फोन खिशात ठेवायचा नाही, वाजला की हात जातोच. मुलं आणि मांजर आत, दार बंद. झाड उचलताना त्याला हाताने मिठी मारायची नाही, रद्दीच्या पेपरची जाड पट्टी करून किंवा जुना टॉवेल दुमडून खोडाला विळखा घालायचा आणि दोन्ही टोकं धरून उचलायचं, एकाने कुंडी धरायची एकाने झाड. मोठं झाड वरनं जड असतं, एकट्याने करायला गेलं तर नेमकं चेहऱ्याकडेच कलतं.

फांदी कापताना डोळ्याच्या उंचीच्या वरची कधीच स्टुलाशिवाय कापू नये. कापायची जागा आपल्या छातीच्या खाली आली पाहिजे, म्हणजे चीक खाली पडतो. धारदार सुरी, एका घावात, करवतीसारखं घासलं तर चीक चौफेर उडतो. कापलं की लगेच कापलेल्या दोन्ही टोकांवर गार पाण्याचा फवारा मारायचा, चीक गोठून थांबतो. सुरी ओली असतानाच धुवायची, वाळली तर स्पिरिटने पुसून मग साबण. ही सुरी स्वयंपाकघरात परत जाणार नाही, तिला रंगीत टेप लावून वेगळी ठेवायची.

कापलेल्या फांदीची रोपं मात्र जरूर करा, यासारखं सोपं काही नाही. वीतभर तुकडा सावलीत उभा ठेवून आठवडा-दोन आठवडे जखम कोरडी होऊ द्यायची, तोंडावर टणक पापुद्रा धरला पाहिजे. घाई केली, ओलं तोंड मातीत खुपसलं की कुजलंच. मग कोरड्या भरड वाळूत उभं करायचं, पहिले काही दिवस पाणी नाही, नंतर थोडं थोडं. साधारण महिना-दीड महिन्यात हलकं ओढलं तर झाड धरून ठेवतं, म्हणजे मुळं फुटली. हे काम फेब्रुवारी-मार्चमध्ये करावं, पावसाळ्यात नको. आणि फांदी कुणाला दिली तर चिकाचं सांगून द्यायची, मी चिठ्ठी चिकटवूनच देते. डोंगरावरचे निवडुंग मात्र उपटून आणू नका, नर्सरीत आणि मित्रमंडळींकडे मिळतं तेवढं पुरे आहे.

बाकी वाढवायला फार कष्ट नाहीत. कुंडीला खाली भोक हवंच, ती सुंदर भोक नसलेली सिरॅमिकची कुंडी म्हणजे या झाडाचा मृत्यू. मातीची जड कुंडी सगळ्यात बरी, उंच झाड वाऱ्याने आडवं होत नाही आणि माती लवकर सुकते. मिश्रणात निम्मी माती, निम्मं भरड वाळू आणि विटांचा चुरा, ओंजळभर जुनं शेणखत, बस. बारीक प्लास्टरची वाळू नको, ती पाणी धरते. पाणी देताना भरपूर द्यायचं, खालनं निघून जाईपर्यंत, आणि मग माती आतपर्यंत पूर्ण वाळल्याशिवाय परत द्यायचं नाही. आमच्या उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी लागतं, थंडीत तीन आठवडेसुद्धा चालतं, पावसाळ्यात कुंडी उघड्यावर असेल तर मी देतच नाही, उलट सलग झड लागली तर पत्र्याखाली सरकवते. तहान लागली की धारांच्या मधला भाग आत ओढलेला दिसतो, तेव्हा द्या. बुडाशी खोड पिवळं-तपकिरी होऊन बोटाला मऊ लागलं तर मुळं सडलीत, मग वरचा निरोगी भाग, जिथे कापल्यावर आत डाग दिसत नाही तिथनं कापून नवीन रोप करायचं, खालचा टाकून द्यायचा. ऊन दिवसाला पाच-सहा तास मिळालं तर झाड ताठ आणि जाड वाढतं, हॉलच्या कोपऱ्यात ठेवलं तर बारीक, फिकट, लांबट होतं आणि एक दिवस वाकतं. फक्त नर्सरीच्या हिरव्या जाळीखालनं आणलेलं झाड पहिल्याच दिवशी गच्चीवर मे महिन्याच्या उन्हात ठेवू नका, भाजल्याचे खरबरीत डाग पडतात आणि ते कधीच जात नाहीत. धारांच्या बेचक्यात पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसला तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने टिपून काढायचा, मोजे घालूनच.

एक गोष्ट मला फार लागते आणि तिच्याबद्दल कुणीच लिहीत नाही, ती म्हणजे छाटलेल्या फांद्यांचं पुढे काय होतं. लोकं त्या तशाच पिशवीत कोंबून घंटागाडीत टाकतात. त्या पिशवीत हात घालून ओला-सुका वेगळं करणारी बाई मोज्यांशिवाय असते, पिशवी फाटते, चीक अजून ओला असतो. तिला कोण सांगणार हे काय आहे ते? म्हणून फांद्या आधी मोकळ्या जागेत, मुलांच्या आणि जनावरांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठिकाणी पूर्ण वाळवायच्या, मग रद्दीत गुंडाळून, बांधून, वर मोठ्या अक्षरात "काटेरी, विषारी चीक" लिहून द्यायच्या आणि देताना तोंडी पण सांगायचं. आणि जाळायच्या तर अजिबात नाहीत, ना शेकोटीत ना होळीत, याचा धूरसुद्धा डोळ्यांना आणि घशाला झोंबतो. गावाकडे बांधावरचा शेर तोडून चुलीला लावणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं.

आता माझं म्हणणं कुणाकुणाला आहे ते स्पष्ट लिहिते. नर्सरीवाल्या दादांना विनंती आहे की प्रत्येक युफोर्बियाच्या कुंडीवर नाव लिहा आणि चिकाची सूचना मराठीत लिहा, तुमचं झाड त्यामुळे कमी खपणार नाही, गिऱ्हाईक उलट विश्वासाने परत येईल. तुमच्याकडे काम करणाऱ्या मुलांना गॉगल घेऊन द्या, दिवसभर त्यांचेच हात त्या चिकात असतात. ऑनलाइन विकणाऱ्यांनी तर खोक्यावरच लिहिलं पाहिजे, प्रवासात फांदी मोडलेली असते आणि खोकं उघडणारा चेहरा जवळ नेऊनच उघडतो. शाळा, बालवाडी आणि नगरपालिकेच्या बागा, जिथे मुलं धावतात आणि पडतात, तिथे वाटेच्या कडेला हे झाड लावू नये, मागे भिंतीलगत, हात पोचणार नाही असं लावावं. सोसायट्यांनी माळ्याला छाटणी सांगताना गॉगल आणि रबरी मोजे स्वतः द्यावेत, तो मागणार नाही, त्याला संकोच वाटतो. ट्रेकला जाणाऱ्या मुलामुलींनी चढताना आधाराला निवडुंगाचं खोड धरू नये, मोडलं की काट्याबरोबर चीकही येतो.

आणि तुम्हाला, संपादक साहेब, विनंती एवढीच की पुढच्या रविवारी त्याच पुरवणीत, त्याच जागेवर, त्या फोटोतल्या झाडाचं खरं नाव आणि डोळा धुवायची ती पंधरा-वीस मिनिटांची सूचना चौकटीत छापा. ज्यांनी लेख वाचून झाड आणलं असेल ते बहुतेक पहिली छाटणी पावसाळ्याच्या आधी करतील, म्हणजे आता थोडेच दिवस हातात आहेत.

आपली,
एक वाचक, सोलापूर